कड्याखालची हाक

२० मे, मंगळवार

दादा, तू दिलेल्या वहीचं हे पहिलं पान. रोज जमेल तेवढं लिहीन आणि बोट येईल तेव्हा पानं फाडून तुला पाठवीन, म्हणजे पत्राचा कागद वेगळा लागायला नको. आज आलेलं सामान असं: पीठ एक पोतं, अठरा. तांदूळ अर्धं पोतं, बारा. रॉकेल दोन डबे, नऊ. चहा, साखर, मीठ मिळून सात. साबणाच्या सहा वड्या, दोन. त्यातली एक भिजून चिखल झाली होती, तिचे पैसे कापून घेतले. बोटभाडं बोटवाल्यानं सहा सांगितलं, मी चार म्हटलं, पाचावर तुटलं. वर म्हणतो कसा, वहिनी, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आणखी दोन मिळाली तर मी बोट विकून घरी बसेन. मी म्हटलं, विकताना मला सांगा, घासाघीस करून घेईन. हसला. माणूस सरळ वाटतो.

घर दगडी आहे, दोन खोल्या, वर पत्रा. स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे. मागच्या दारी फरसबंदी अंगण, मग कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे एकदम काही नाही. कडा. सामानात आधी देवाची तसबीर उघडली. काच शाबूत. त्याची कृपा, दुसरं काय! पूर्वेच्या भिंतीला खिळा आयता होता. दिवा लावला, ठकीनं हात जोडले, हे पण मागे येऊन उभे राहिले, जे घरी कधी राहत नसत. भाजी मिळत नाही एवढं सोडलं तर जागा स्वर्गासारखी आहे.

२३ मे

यांचं काम म्हणजे पक्षी बघायचे. खरंच, त्याचा पगार मिळतो. खात्यानं दुर्बीण दिली आहे आणि कड्यावरून उतरायला दोर. कुठल्या कपारीत कोण बसतं, अंडं कधी घातलं, पिल्लू कधी निघालं, हे हंगामभर टिपायचं. मी म्हटलं, आपल्या जुन्या चाळीत हेच काम मी फुकट करत होते.

या पक्ष्याला इथे काळपाठी म्हणतात. पाठ काळी, पोट पांढरं, आणि उभा राहतो तो माणसासारखा ताठ. कड्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर एकमेकांना खेटून असे उभे असतात, की कोर्टाच्या व्हरांड्यात वकील जमलेत असं वाटावं. भांडतात पण तसेच, आणि भांडून झालं की एकमेकांच्या मानेतली पिसं साफ करून देतात. घरटं म्हणून नाही. काडी नाही, कापूस नाही, उघड्या खडकावर एकच अंडं. मला आधी रागच आला, एवढी कसली आळशी बाई! मग यांनी दुर्बिणीतून दाखवलं. अंडं एका टोकाला निमुळतं असतं, धक्का लागला तर सरळ घरंगळत न जाता जागच्या जागी गोल फिरतं. प्रत्येकीच्या अंड्याचा रंग वेगळा, कुणाचं निळसर, कुणाचं मातकट, वर कुणीतरी शाईनं गिरगटावं तशा रेघा. गर्दीत आपलं कुठलं ते चुकू नये म्हणून. करणारा किती विचार करून करतो बघ.

मासे धरायला बुडी मारतात आणि पाण्याखाली पंखांनी उडतात. उजेड पोचत नाही इतक्या खोल जातात म्हणे. एखादा बुडाला की माझा श्वास नकळत अडकतो, आणि तो वर येतो भलतीकडेच. हे म्हणाले, खाली त्यांना काय भेटतं ते आपल्याला कधी कळायचं नाही.

२९ मे

शेजारी दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर दुसरं घर आहे. त्यात एक बाई एकट्याच राहतात. यांच्या जागेवर पूर्वी जे होते त्यांच्या त्या बायको. ते गेले, पण या इथेच राहिल्या. ठकी त्यांना मावशी म्हणते म्हणून मीही म्हणते. यांच्या पक्षीनिरीक्षण केंद्राची झाडलोट त्यांच्याकडे आहे. बोलणं बेताचं. कलत्या उन्हात आपल्या पायरीवर येऊन बसतात, तोंड समुद्राकडे.

आज यांनी ठकीला पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढवलं आणि खाली हात पसरून उभे राहिले. घे उडी, मी आहे खाली! ठकी डोळे मिटून उडी घ्यायची आणि यांनी झेललं की पुन्हा चढायची. पाच वर्षांची घोडी, यांची पाठ धरेल, पण ऐकतंय कोण. इतक्यात मावशी हातातला झाडू तसाच घेऊन आल्या आणि मलाच बोलल्या, की बाई, खेळायचं तर खेळू दे, पण हे शब्द इथे नकोत. का, ते सांगितलं नाही. हे नंतर म्हणाले, एकटं राहून माणूस असंच होतं, तू वाईट वाटून घेऊ नकोस.

५ जून

बोट आली. बटाटे बरे निघाले. ठकीला घेऊन मावशींकडे चार बटाटे द्यायला गेले. निघताना ठकी म्हणाली, मावशी, मी जाते. मी टोकलं. जाते म्हणू नये बाळा, येते म्हणावं. लगेच पोपटासारखी म्हणाली, येते! मावशींनी बटाटे हातातले खाली ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं डोळ्यात काही गेलं असेल.

११ जून

हे आज दोरानं वरच्या कपारीपर्यंत उतरले. दोर मेखेला बांधतात, वर बोटवाला धरून असतो; सामानाची फेरी नसली की तो इथेच धक्क्याजवळ राहतो. कमरेला फास, त्याची गाठ यांनी मला चहाच्या टेबलावर शिकवली. मोठी गंमत सांगत आले. अंडं फुटायच्या आधीच आतून चिवचिव येते, आणि आईबाप चोच खाली नेऊन तिला उत्तर देतात. पिल्लू अंड्यात असतानाच आवाज ओळखायला शिकतं. बाहेर आल्यावर हजारोंच्या गलक्यात दुसऱ्या कुणी कितीही ओरडलं तरी ओ देत नाही, आपल्या माणसाच्या हाकेलाच देतं. मी म्हटलं, हे बरं आहे, आपली ठकी मात्र फेरीवाल्याच्या हाकेलासुद्धा धावते.

२२ जून

पिल्लं निघाली. राखाडी कापसाचे गोळे. एका वेळी एकच मासा येतो, चोचीत लांबट धरलेला, शेपटी बाहेर. हे आता रोज उतरतात, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा खाली. जेवताना बोलत नाहीत. आज मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, अगदी खालच्या कपारीत उभं राहिलं की पाण्याकडून हाक येते. पक्ष्याची नव्हे. मी म्हटलं, लाट असेल, गुहा असेल. म्हणाले, असेल. पण ओळखीची आहे गं. आणि असं हसले की मला ताट उचलायचं निमित्त करून उठावं लागलं. आज जपाची माळ दोनदा फिरवली.

२७ जून

मी पिल्लांचं पुढे काय होतं विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पिल्लू पंधरा-वीस दिवसांचं झालं की जातं. उडून नव्हे. पंखाला तोवर उडायचं पीसच नसतं. दिवेलागणीला बाप खाली पाण्यात जाऊन बसतो आणि हाक मारतो. पिल्लू कड्याच्या कडेला येतं, मागे जातं, पुन्हा येतं, आणि उडी टाकतं. काही खडकावर आपटतात, तरी उठून पाण्याकडे धावतात. बाप त्याला घेऊन भर समुद्रात निघून जातो.

आणि आई?

आई वरच राहते, म्हणाले. रिकामी जागा राखत उभी राहते, कितीतरी दिवस. कशासाठी, ते पुस्तकात दिलेलं नाही.

ठकी ऐकत होती. तिनं विचारलं, पिल्लू जाताना आईला काय सांगतं? मी म्हटलं, येते म्हणतं. झोप आता.

१ जुलै

दादा, हे पान नानांना वाचून दाखवू नकोस. अंथरुणावर पडलेल्या बापाला सोसणार नाही. तू एकटा वाच.

हे गेले. सकाळी उतरले ते. बोटवाला वर दोर धरून होता. म्हणतो, झटका नाही, ओरडणं नाही, वजन एकदम हलकं झालं. दोर ओढला तर फास जसाच्या तसा वर आला. तुटलेला नाही. कापलेला नाही. गाठ सोडलेली होती, नीट, चहाच्या टेबलावर मला दाखवली तशी. त्यानं बोटीनं कड्याला चकरा मारल्या. टोपीसुद्धा मिळाली नाही. तो रडत होता, वहिनी, मी सोडला नाही हो, मी सोडला नाही. मला माहीत आहे. कळवायला तो बोट घेऊन गेला आहे. उद्या आम्हाला न्यायला येईल.

देवापुढे दिवा लावला. तो यांच्यासाठी लावायचा की यांच्या नावानं, ते मला ठरवता आलं नाही. तसाच लावला.

३ जुलै

धुकं. भिंतसुद्धा दिसत नाही. बोट आलेली नाही, येणार कशी. पक्षी ओरडतात तेवढं ऐकू येतं. चुकून तीन ताटं घेतली.

ठकी रडत नाही. मी रडले तर माझ्याकडे बघते, जसं काही मी उगाच करते आहे.

५ जुलै

धुकं तसंच. दिवेलागणीला ठकी अंगणात नव्हती. भिंतीपाशी होती, हनुवटी भिंतीवर टेकून. मी दंड धरून ओढली तेव्हा भिंतीकडे वळून म्हणाली, बरं, येते हं. मला वाटलं पक्ष्यांना म्हणते. विचारलं तर म्हणाली, बाबांना.

मी मारलं तिला. आजवर कधी मारलं नव्हतं. मग जवळ घेतलं, तर तिच्या केसांना खारट वास. परवाच न्हाऊ घातलं होतं.

७ जुलै

आज पिल्लांनी उड्या टाकायला सुरुवात केली. धुक्यात दिसत काही नाही. खालून बापाची घर्र घर्र हाक, वरून बारीक आवाज, मग मध्ये काहीच नाही, मग खाली—कधी पाण्याचा आवाज, कधी दुसरा. कानात बोळे घातले. ठकी खिडकीशी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मागचं दार खुंटीला दोरी लावून बांधलं. कड्यावरचा तोच दोर. दुसरा नव्हता घरात.

८ जुलै

मीसुद्धा ऐकलं.

दिवा लावत होते. पक्षी एकदम गप्प झाले, सगळे, आणि खालून यांचा आवाज. खोकला नाही, धाप नाही, ओरडून मारलेली हाक नव्हे ती, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून बोलावं तशी. ठके, येतेस ना? मी आहे खाली.

आणि ही आतल्या खोलीतून लाडात—येते!

पुढे होऊन मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खालून हसण्याचा आवाज आला. हसणं यांचंच, दादा. लग्नात तू चिडवलंस तेव्हाचं. माझ्या मनात क्षणभर आलं की हे जिवंत असतील, कुठे कपारीत अडकले असतील, दार सोडावं. हात दोरीला लागलाही होता. मावशींनी पलीकडून जोरात थाळी वाजवली, वाजवतच राहिल्या, तेव्हा भानावर आले. नाव घेत बसले उजाडेपर्यंत.

९ जुलै

सकाळी मावशींकडे गेले, ठकीला कडेवर बांधून. आज बोलल्या. त्यांचे यजमान असेच गेले, गाठ सोडून. मग मुलगा. त्याला चालता येत होतं म्हणून कडेवर घेत नव्हत्या, तेवढंच चुकलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाही, तेवढंच नाही. खालून रोज विचारायचे, येतोस ना? आणि पोर रोज म्हणायचं, येतो. मीच शिकवलं होतं त्याला, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. तो बिचारा निरोप घ्यायचा गं. खालच्याला शब्द कळतो, आपली रीत कळत नाही. रोजचं येतो, येतो, आणि एके दिवशी ते न्यायलाच बसले. कबूल केलंय म्हणून.

मी ठकीला म्हटलं, बाळ, विचारलं तर नाही म्हण, मी जाते म्हण, काहीही म्हण. ती म्हणाली, आई, जाते म्हणू नये.

मी शिकवलं. मीच—

मावशींना विचारलं, मग तुम्ही इथे का राहिलात? पायरीकडे बघून म्हणाल्या, जागा कशी सोडू!

१० जुलै

धुकं विरळ. दुपारी बोट आली! बोटवाला एकटाच, लहान बोट, त्याच्याखेरीज दोघांपुरती. मोठी बोट उद्या येईल म्हणतो. उद्यापर्यंत मी थांबणार नाही. ठकीची पिसं—काय लिहिते मी—ठकीचे दिवस भरलेत असं वाटतं. सकाळपासून कडेला जाते, मागे येते, पुन्हा जाते. मांडीवर घेतलं की अंग ताठ करते.

ठरवलं. धक्का कड्याच्या दुसऱ्या अंगाला आहे. हाक मारणारा असतो या अंगाला, भिंतीखाली. तो इथे वाट बघत राहिला तर बोट तिकडून निसटेल. पण कुणीतरी त्याला इथे धरून ठेवायला हवं. बोटवाला हात जोडून म्हणाला, वहिनी, वेड लागलंय का, तुम्ही पोरीला घेऊन बसा, मावशीला मी उद्या नेतो. मी म्हटलं, आणि इकडे हाकेला ओ कोण देणार? मावशीचा आवाज पोरीसारखा निघेल का? भाडं काय ते विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

ठकीला चादरीत गुंडाळून मावशींच्या मांडीवर दिली. तोंडावर पदर, म्हणजे ओ देता येणार नाही. तुझा पत्ता बोटवाल्याकडे दिला आहे, आणि आजवरची पानं. ठकी रडली नाही. मावशी मात्र बोटीत बसताना हसत होत्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. पोर सुखरूप जाते आहे म्हणूनच हसल्या असतील. म्हणूनच.

१० जुलै, दिवेलागण

झालं. भिंतीपाशी उभी राहिले, ठकीचा झगा हातात. पक्षी गप्प झाले. येतेस ना? मी आवाज बारीक केला. येते. थांबून पुन्हा, येतेस ना? येते, बाबा. बोटीचं इंजिन पलीकडून ऐकू येत होतं, मग लांब, मग नाही. तोवर मी म्हणतच राहिले. येते, येते, येते.

शेवटी खालून म्हणाला, बरं.

एवढंच.

११ जुलै

मोठी बोट आली नाही. समुद्र स्वच्छ, वारा नाही, तरी आली नाही. कड्यावर पिल्लं उरली नाहीत. आया उभ्या आहेत आपापल्या जागेवर, समोर बघत.

देवा, पोर पोचू दे. मला दुसरं काही नको.

संध्याकाळी हाक आली नाही. ठकीला कुणी बोलावलं नाही. याचा अर्थ तो फसला. किंवा आता बोलवायची गरजच—नाही. फसला. लिहून ठेवते. फसला.

१२ जुलै

पक्षी गप्प झाले आहेत. दिवा लावला नाही अजून.

खाली कुणीतरी खाकरलं. हाक मारण्याआधी नाना खाकरतात तसं. मग माझं नाव. सासरचं नव्हे. नानांशिवाय कुणी कधी घेतलं नाही ते, तूसुद्धा नाही. इथे लिहीत नाही. लिहिलं तर ओ दिल्यासारखं—

येतेस ना, म्हणतात. तू कबूल केलंयस.

ते मी ठकीसाठी म्हटलं होतं. ठकीच्या आवाजात. पण म्हटलं मीच ना, दादा. येते पोरीनं म्हटलं काय, आईनं म्हटलं काय, खालच्याला शब्द—

हे पान उंबऱ्यावर दगडाखाली ठेवते. बोट आली की तुला मिळेल. उलट टपालानं दोनच गोष्टी कळव. ठकी पोचली का. आणि नाना घरीच आहेत ना, आपल्या खाटेवर, श्वास चालू—

पुन्हा खाकरले. किती थकलेला आवाज आहे रे त्यांचा. इतक्या थंड पाण्यात—

उलट टपालानं, दादा, उशीर करू नकोस, नाना तिथेच आहेत एवढं एक कळव, म्हणजे मी दाराची दोरी सोडणार ना—